मीटरनाना

आमच्या सोसायटीत कोणाच्या घरात कोण आजारी आहे हे नानांना सहसा ठाऊक नसतं. पण कोणाच्या गाडीची बॅटरी आजारी आहे, हे मालकाच्या आधी नानांना कळलेलं असतं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, व्होल्ट राहतात. सी विंगमधले बँकवाले गृहस्थ म्हणजे ‘बारा पॉइंट दोन’. ए विंगमधल्या डॉक्टरीणबाई ‘बारा पॉइंट सहा, पण टर्मिनलला बुरशी’. मी ‘बारा पॉइंट चार’ आहे. जिन्यात भेट झाली की नाना आपुलकीने विचारतात, “काय, कशी आहे?” यातली ‘कशी’ म्हणजे माझी बायको नव्हे, हे कळायला मला थोडे दिवस लागले.

नाना वीज मंडळात टेस्टिंगला होते. २००५ साली मंडळाच्या चार कंपन्या झाल्या, पण नाना अजून ‘आमच्या मंडळात’ असंच म्हणतात. दोन लाख वीस हजार व्होल्टांच्या लाइनींशी ज्यांनी उभी नोकरी केली, ते निवृत्त झाल्यावर एकदम बारा व्होल्टांवर आले. तडफ मात्र तेवढीच राहिली, त्यामुळे दर व्होल्टामागे तिचं प्रमाण फार वाढलं. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगला हे झेपणं कठीणच होतं.

त्यांच्याकडे एक पिवळा मल्टिमीटर आहे. होल्डरमध्ये बसवलेला एक छोटा बल्ब आहे, त्याला दोन वायरी. पॉलिश पेपरचा घडी केलेला तुकडा आहे. आणि एक वही आहे. वहीत गाडीचा नंबर, तारीख, वेळ, व्होल्ट आणि ‘शेरा’ असे रकाने आहेत. शेऱ्यात ‘सुधारणा नाही’, ‘मालक बेफिकीर’, ‘पाणी टाकले’ अशा नोंदी. निम्म्या सोसायटीच्या गाड्यांची दुसरी किल्ली नानांच्या दारामागच्या खिळ्याला लटकलेली असते, कारण बॅटरीचा खरा आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच मिळतो. इंजिन नुकतंच बंद केलेलं असेल तर बॅटरी वरवरचा फुगवटा दाखवते, आणि नानांना वरवरच्या गोष्टींचा तिटकारा आहे. म्हणून ते पहाटे उठून मोजतात. नव्या वॉचमनने पहिल्याच पहाटे त्यांना धरून सेक्रेटरींच्या दाराशी आणलं होतं. बॉनेट उघडं, हातात लाल-काळ्या वायरी, डोक्याला माकडटोपी. पोराचं काहीच चुकलं नाही. सेक्रेटरी दार उघडून काही बोलणार, तेवढ्यात नानाच म्हणाले, “बरं झालं उठलात. तुमची बारा पॉइंट एकवर आली आहे.”

उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि बाराच्या खाली गेली की नाना आवाज खाली आणून बोलतात. इंजिन चालू असताना हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा, कारण तेव्हा आल्टरनेटर बॅटरी भरत असतो. एवढं ज्याला पाठ नाही तो माणूस शिकलेला आहे असं नाना मानत नाहीत, मग त्याच्याकडे पीएचडी का असेना. हे मी उगाच म्हणत नाही. त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण एका पीएचडीवाल्याचंच आहे.

पण आधी नानांच्या स्वतःच्या गाड्यांविषयी. पहिली गाडी फियाट अकराशे, तीही कोणीतरी वापरून दमल्यावर यांच्याकडे आलेली. तिला आल्टरनेटर नव्हता, डायनमो होता. अमेरिकेत क्रायसलरने १९६० साली व्हॅलियंट गाडीत आल्टरनेटर आणला हे नाना आजही घरच्या माणसाने परदेशात नाव काढल्यागत सांगतात. आपल्याकडच्या गाड्या मात्र पुढे बरीच वर्षं डायनमोवर ओढत होत्या. डायनमो इंजिन मंद असताना काही देत नसे. रात्री सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळे पडायचे. मग कटआउटचा डबा उघडायचा, आतले पॉइंट पॉलिश पेपरने पुसायचे, झाकण लावायचं, देवाचं नाव घ्यायचं. नानांचं म्हणणं, त्या गाडीने त्यांना घडवलं. नानींचं म्हणणं, त्या गाडीने आपल्याला ढकलायला लावलं. दोन्ही खरं असावं.

आत्ताची गाडी सुरेख आहे आणि ती कुठेही जात नाही. बॅटरीला त्रास नको म्हणून तिला पार्किंगमध्येच छोटा चार्जर लावलेला असतो. आठवड्यातून एकदा नाना ती पिरंगुटपर्यंत नेऊन आणतात, म्हणजे बॅटरीला फिरवून आणतात, नानी सोबतीला. वाटेत ताजी भाजी दिसली आणि नानी “अहो, जरा थांबवा ना” म्हणाल्या की नाना गाडी थांबवतात, इंजिन थांबवत नाहीत. “सेल्फने घेतलेलं अजून भरून निघालेलं नाही. तू घे भाजी.” एकदा मेथी निवडून घेईपर्यंत इंजिन चालू होतं. त्या मेथीची जुडी पेट्रोलसकट कितीला पडली, हा हिशेब नानींनी मांडला होता. तो वहीत नाही.

आता ते प्रकरण.

डी विंगमधले प्राध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांची पंचवीसेक वर्षांची छोटी पेट्रोल गाडी. पर्यावरण कर भरून, फिटनेस करून घेऊन मायेने सांभाळलेली. तिची बॅटरी बसायला लागली. सर बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदाराने बॅटरीला मीटर लावला आणि नवी बॅटरी विकली. महिन्याभरात तीही बसली. सर गॅरेजमध्ये गेले. तिथल्या वायरमनने इंजिन चालू करून मीटर लावला, आकडा बाराच्या आसपास रेंगाळला. “सर, डायनमो गेला.” आल्टरनेटरला गॅरेजमध्ये अजूनही डायनमोच म्हणतात, नाना हे दात खाऊन सहन करतात. मग नाना पेठेतून रिकंडिशन आल्टरनेटर आला, जुना देऊन किंमत थोडी कमी झाली. नवा बसवल्यावर वायरमनने ॲक्सिलरेटर दाबून रेस केली, मीटरवर चौदा आले, सर खूश झाले, बिल दिलं. पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा सकाळी ‘टक’ एवढाच आवाज करून गप्प.

इथून जो खेळ सुरू होतो तो गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. बॅटरीवाला म्हणतो आल्टरनेटर बघा. आल्टरनेटरवाला म्हणतो, माल तपासून दिलाय, वायरिंग बघा. वायरिंगवाला बॉनेटमध्ये वाकतो, लांब श्वास सोडतो आणि या धंद्यातला सगळ्यात महागडा प्रश्न विचारतो, “याला आधी कोणी हात लावला होता?” या प्रश्नाचं उत्तर काहीही दिलं तरी बिल वाढतं. सर तिसऱ्यांदा खिशात हात घालायच्या बेतात होते, तेव्हा सेक्रेटरींनी सुचवलं, नानांना एकदा दाखवा.

दाखवा कसलं. नाना वाटच बघत होते. दुसऱ्याच्या गॅरेजात चाललेल्या गाडीत आपणहून नाक खुपसायचं नाही हा त्यांचा नियम आहे. जिन्यात उभं राहून माहिती काढणं याला मात्र ते नाक खुपसणं समजत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी ते आले आणि त्यांनी कशालाही मीटर लावला नाही. बॅटरी सोडवून, आधी निगेटिव्ह मग पॉझिटिव्ह, स्वतःच्या गॅलरीत नेली. “उपाशी बॅटरीवर टेस्ट करायची नाही. आणि सर, लक्षात ठेवा, आल्टरनेटर हा बॅटरी चार्जर नव्हे. पार बसलेली बॅटरी नव्या आल्टरनेटरने भरायची म्हणजे पहिल्याच दिवशी त्याला तापवून मारायचं.” सरांनी मान डोलावली. त्यांच्या वर्गात मुलं अशीच मान डोलावत असणार.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. पुण्यात उघड्या बॉनेटाभोवती पुरुष कसे जमतात हे मला कोणी समजावून सांगावं. कोणी बोलावत नाही, कोणाला काही येत नाही, पण सगळे हात मागे बांधून वाकतात. त्यात दोन प्रकार असतात. एक, ज्यांनी काल रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. दुसरे, ज्यांच्या मेहुण्याच्या गाडीला अगदी हेच झालं होतं. मेहुण्याच्या गाडीला काय झालं होतं हे मात्र त्यांना नक्की आठवत नाही.

नानांनी आकडे घ्यायला सुरुवात केली. रात्रभर चार्ज होऊन विसावलेली बॅटरी १२.६. पट्टा अंगठ्याने दाबला, सेंटिमीटरभर दबला, ठीक. आल्टरनेटरच्या जाड वायरीच्या टर्मिनलवर मीटर लावला. तिथेही बॅटरीइतकेच व्होल्ट, म्हणजे जाड वायर शाबूत आणि मेन फ्यूजही. पाना निसटून बॉडीला लागला की हा फ्यूज उडतो, आणि पार्ट बदलताना निगेटिव्ह न काढणारे महाभाग कमी नाहीत, असा टोमणा अनुपस्थित वायरमनला. आल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची अर्थिंग पाहिली. मग गाडी बंद असताना काही गळतंय का ते पाहायला निगेटिव्हमध्ये मीटर घातला: वीस मिलिअँपिअर. “घड्याळ आणि रेडिओ. एवढं खायचा त्यांना हक्क आहे.” आल्टरनेटर त्यांनी आदल्या दिवशी बॅटरी सोडवण्याआधीच हाताने चाचपला होता, आईने तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. बराच वेळ बंद असलेल्या गाडीचा आल्टरनेटर कोमट लागला तर आतले डायोड गळके. हा थंडगार होता.

इथपर्यंत तास गेला होता. मला आज असं वाटतं की नानांना उत्तर पहिल्या दहा मिनिटांत कळलं असावं. पण रहस्यकथा मागून वाचायची नसते, आणि रविवार मोठा असतो.

मध्येच डी विंगमधल्याच एका घरी आलेले जावई पुढे सरसावले. ठाण्याचे. “सोपं आहे हो. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीची वायर काढायची. गाडी बंद पडली तर आल्टरनेटर खराब.” आणि खरोखरच हात पुढे केला. नाना आणि बॅटरी यांच्यामध्ये तो हात आला तेव्हा नानांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मंडळात दोन लाख वीस हजार व्होल्टांच्या शेजारीसुद्धा कधी उमटलं नसेल. हा उपाय डायनमोच्या काळातला. आल्टरनेटर भरत असताना बॅटरी अचानक सोडवली की व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि त्याचे डायोड, रेग्युलेटर, शिवाय गाडीत कॉम्प्युटर असेल तर तोही, जे हाती लागेल ते घेऊन जातं. कोणी दुसरा असता तर नानांनी त्याला सोसायटीच्या फाटकापर्यंत पोचवला असता. पण जावई पडले. नाना हसले, म्हणजे दात दाखवले, आणि म्हणाले, “तुम्ही आधी चहा घ्या.” जावयांना चहाला वर नेण्यात आलं. ते परत येणार नाहीत याची व्यवस्था सासूबाईंनी केली. त्याही बारा पॉइंट सहावाल्या आहेत.

मग नानांनी इंजिन चालू केलं. मंद गतीवर १२.४. हेडलाइट लावले, हळूहळू १२.१. भरत नाही. “बघा! म्हणजे पेठेतला मालच खराब,” सर म्हणाले. त्यांचा आवाज जवळजवळ आनंदी होता. दोष परका निघाला की मध्यमवर्गीय माणसाला बरं वाटतं.

नानांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं आणि मीटर एकदम १४.२ वर उडी मारून बसला. पाय काढला, इंजिन पुन्हा मंद झालं, आकडा चौदाच्या आसपासच. गाडी बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा १२.४.

सगळे गप्प. व्हिडिओवालेही.

“सर, गाडी कोण चालवतं?”

“म्हणजे? मीच.”

“आणखी कोण?”

“कधीमधी मुलगी.”

“ती नेते तेव्हा बॅटरी बसते का?”

मुलगी तिथेच उभी होती. ती म्हणाली, “नाही ना नाना! मी तेच सांगतेय. मी चालवली की काहीच होत नाही. बाबांनाच होतं.”

हे वाक्य त्या घरात याआधी अनेकदा बोललं गेलं असणार आणि प्रत्येक वेळी उद्धटपणात जमा झालं असणार. नानांनी मात्र वही काढली आणि ते लिहून घेतलं. मुलगी पहिल्या गिअरमध्ये गाडी रडेपर्यंत दामटते, मग दुसरा टाकते. सर? सर पेट्रोल वाचवतात. गाडी जागची हलते न हलते तोच दुसरा, कोपऱ्यावर तिसरा, कर्वे पुतळ्यापर्यंत चौथा. इंजिनाला कुजबुजीपेक्षा मोठ्या आवाजात बोलायची त्यांनी कधी परवानगी दिली नव्हती.

“किल्ली फक्त ऑन करा. चालू करू नका. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला?”

“नाही. तो कधीच लागत नाही,” सर अभिमानाने म्हणाले. “गेले काही महिने एकदाही लागलेला नाही. म्हणजे तक्रार नाहीच ना.”

“तक्रार सांगणाराच मेलाय, सर.”

एवढं बोलून नानांनी खांद्यावरचा नॅपकिन झटकला. मग त्यांनी जे समजावलं ते ऐकून माझ्यासारख्या बारा पॉइंट चारलाही कळलं. आल्टरनेटरच्या आत कायमचं लोहचुंबक नसतं. फिरणाऱ्या वाइंडिंगला थोडी वीज दिली की तो चुंबक होतो, आणि मग तो स्वतःची वीज स्वतः करून घेतो. जुन्या गाड्यांत ही पहिली थोडी वीज येते कुठून, तर त्या लाल दिव्यातून. दिवा नुसता निरोप्या नाही. त्याच्याच अंगातून वीज जाऊन आल्टरनेटर जागा होतो. दिव्याचा बल्ब गेला की जागं करणारं कोणी उरत नाही. जोरात रेस केली तर लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर तो आपला आपण उठतो आणि मग इंजिन बंद होईपर्यंत नीट काम करतो. म्हणून गॅरेजात चौदा. म्हणून मुलीकडे चौदा. आणि सरांकडे, कोथरूड ते डेक्कन, हेडलाइट आणि पंखा लावून, बारा.

सिद्ध केल्याशिवाय नाना सांगत नाहीत. त्यांनी आल्टरनेटरचा छोटा प्लग काढला, त्यातली बारीक वायर अर्थ केली, किल्ली ऑन: दिवा नाही. मग आपला होल्डरवाला बल्ब काढला, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं आल्टरनेटरच्या त्या बारीक पिनेला. बल्ब मिणमिणला. “मधे बल्ब हवाच. सरळ बारा व्होल्ट दिले तर रेग्युलेटर जळेल. घरी करू नका,” हे व्हिडिओवाल्यांकडे बघून. “पोरी, मार सेल्फ. रेस करू नकोस.” इंजिन चालू झालं, नानांचा बल्ब विझला आणि मंद गतीवर मीटर चढत चढत १४.२ वर गेला. टाळी कोणी वाजवली ते कळलं नाही. सेक्रेटरी असावेत, त्यांना दुपारपर्यंत पार्किंग मोकळं हवं होतं.

डॅशबोर्डचा मीटर उघडून बल्ब बदलला. पंधरा-वीस रुपयांची वस्तू. सरांनी ती जुनी काचेची गोळी हातात घेऊन बघितली, आणि त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झालेला सगळ्यांना दिसला.

“म्हणजे नाना, माझा जुना आल्टरनेटर...”

दुसरा कोणी असता तर त्याने इथे विषय बदलला असता. नानांच्या स्वभावात ती सोय नाही. “उत्तम असणार! आणि त्याच्या आधीची बॅटरीही बहुतेक ठणठणीत. आत्ता ती कोणीतरी छान वापरत असेल.” हे ते इतक्या निखळ आनंदाने म्हणाले की सरांना रागावताही येईना. खर्च वाया गेला हे नानांच्या हिशेबात बसतच नाही. त्यांच्या मते सरांनी थोड्या पैशांत एक सुंदर केस मिळवली होती.

यातलं एक मला खटकतं ते सांगून टाकतो. वायरमन गाढव होता असं नाना म्हणतात, पण त्या पोराच्या हाताखाली दिवसाला किती गाड्या येत असतील? एका दिव्यासाठी रविवार घालवणं त्याला परवडणारं नाही. नाना फी घेत नाहीत, म्हणूनच त्यांना निदान परवडतं. हे मी एकदा त्यांना म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमची अजून बारा पॉइंट चारच आहे का?”

त्यानंतरच्या रविवारी मी खाली आलो तर नाना सरांच्या गाडीभोवती घुटमळत होते. सर पिशवी घेऊन मंडईला निघाले होते.

“काय सर, काही त्रास?”

“नाही नाना, अगदी उत्तम. दिवा लागतो, विझतो.”

“सकाळी सेल्फ जड जातो का?”

“नाही.”

“सगळे लाइट, वायपर, पंखा, मागच्या काचेचा हीटर, सगळं एकदम लावून बघितलंत?”

“कशाला? पावसाळा नाही आत्ता.”

“तेच,” नाना म्हणाले. “फुल लोडवर कोणी बघतच नाही.” आणि त्यांनी खिशातून मीटर काढला. सरांनी घड्याळ पाहिलं, पिशवी टपावर ठेवली आणि वर खिडकीकडे तोंड करून मुलीला हाक मारली, “अगं, मंडईत तूच जाऊन ये. रिक्षाने जा.”